पासंग

जानेवारीत बिश्केकला सहालाच अंधारतं.
खालच्या मजल्यावरचा हीटर खोकतो,
आणि माझ्यासमोर बेचाळीस हजार मुलं
शून्य आणि एक होऊन बसलेली.

आधी मी त्यांना जोडीला लावते.
एकतीस गुणांची शहरातली एका रांगेत,
एकतीसचीच नारीनच्या डोंगरातली समोर.
मग बत्तीसची. मग तेहतीसची.
गावाकडची मागे पडतात, एवढं तर शिपाईही सांगेल.
मला विचारायचं असतं ते निराळं:
सगळं सारखंच येणाऱ्या दोघांतला
नेमका एकच
ह्याच प्रश्नावर का घसरतो?

दर गुणापाशी चार घरांचं कोष्टक.
बरोबर, चूक; इकडचे, तिकडचे.
पन्नासेक कोष्टकं रचली, भार देऊन बेरीज केली
की शेवटी एकच आकडा उरतो.
तो एकाच्या आसपास रेंगाळला तर चहा प्यावा.
सतराव्या प्रश्नाचा दोनच्या पुढे गेला.

प्रश्न सतरा:
सरकत्या जिन्यावर उभी असलेली बाई
साठ सेकंदांत वर पोचते.
तीच पायऱ्या चढत गेली तर...

मी एकोणिसाव्या वर्षी पाहिला तसला जिना,
त्सूम बाजारात, आत-बाशीहून उतरल्यावर.
पायाशी पायरी उगवत होती, निघून जात होती,
आणि मागे माणसं तुंबली होती.
समितीला मी हे सांगितलं नाही.
आकडा दाखवला.

रायसा व्हिक्तोरोव्ना म्हणाल्या, गणित ते गणित.
दोन तास गेले. बिस्किटं संपली.
जिन्याऐवजी नाव घालू, प्रवाहाविरुद्ध जाणारी.
नारीन नदीत नाव कोण घालतं? तोक्तोसून हसला.
मग घोडा?
घोडा काय सरकत्या जमिनीवर चालतो?

एकोणतिसावा प्रश्न उलट्या अंगाला कललेला.
कातडी पखालीत घोडीचं दूध, किती दिवसांत किती आंबतं.
डोंगरातली पोरं न वाचताच सोडवून मोकळी.
तो मात्र एका मिनिटात काढला.
हा तर उघड अन्याय आहे, सगळे म्हणाले,
आणि खरंच होतं ते.
फक्त घड्याळाकडे मी एकटीच बघत होते.

चौतिसावा मुलींना जड जातो.
का, ते कुणालाच सांगता येत नाही.
साधा त्रिकोण आहे. ना जिना, ना घोडी.
आम्ही तो सावल्या तपासाव्या तसा तपासला,
आलेखाच्या दोन रेघा मध्येच एकमेकींना ओलांडून गेलेल्या,
कमी गुणांत मुली पुढे, जास्तीत मागे.
तोक्तोसूनने समासात प्रश्नचिन्ह काढलं
आणि पान उलटलं.

मग पुन्हा पहिल्यापासून.
कारण ते एकतीस गुण ज्या वजनांनी मोजले
त्यातच दोन वजनं खोटी होती.
ती वगळून नव्या बेरजा, नव्या जोड्या,
काल समोरासमोर बसलेले आज दुसऱ्याच रांगेत.
आणि कालपर्यंत सरळ वाटलेला आठवा प्रश्न
हळूच मान वर काढतो.

रात्री दहाला एसेनबेक किल्ल्या वाजवत येतो.
संपलं का?
संपलं म्हणते. अहवालावर सही करते, नुर्झामाल, तारीख.

वडील लोकर विकायचे.
व्यापारी तराजू घेऊन आला की म्हणायचे,
थांब, लोकर मागाहून.
आधी रिकामाच उचल.
पासंग किती, ते डोळ्यांनी बघायचे,
हलक्या पारड्यात खडा टाकायला लावायचे.

माझ्याकडे साठ प्रश्न आहेत.
एकाचा कल मला उरलेल्यांवरून कळतो.
साठच्या साठ जर
तसूभर एकाच अंगाला झुकलेले असले,
तर कोष्टकं गप्प राहतील, आकडा एकापाशी बसून राहील,
आणि मी चहा प्यायला जाईन.

बाहेर बर्फ भुरभुरतंय.
बसथांब्यावर शाळेतली दोन मुलं
एकमेकांना पाठीला पाठ लावून उंची बघतायत.
एक चढावर उभा आहे.